मेलची चोरवाट

लुसुंगू म्सिस्काने मेलच्या जुन्या प्रोग्रॅमवर पुन्हा एकदा एन्टर दाबले आणि पुन्हा नवाच उघडला.

कालपर्यंत नव्याच्या आत शिरून 'जुन्यावर परत जा' असे सांगता येत होते. रोज सकाळी तो ते सांगे. आज मुख्य कार्यालयाने ती सोयच काढून टाकली होती. लुसुंगूला जन्मापासून दिसत नव्हते. लॅपटॉपमधला आवाज त्याच्या कानात मजकूर वाचून दाखवी, आणि जुन्या प्रोग्रॅममधली एकेक कळ त्याच्या बोटांना पाठ होती. रुम्फीच्या दुकानदाराची बॅटरी फुगलेली, करोंग्याच्या दुकानदाराला तडकलेली पॅनेल मिळालेली. उत्तरेकडच्या अशा सगळ्या तक्रारी तो काम करी त्या सौरदिव्यांच्या कंपनीत त्याच्याकडे येत आणि त्याच्या शब्दांत उत्तर घेऊन परत जात. नव्या प्रोग्रॅममध्ये त्याला आज पहिले पत्रसुद्धा सापडत नव्हते.

"दादा, मी वाचते की," शेजारच्या टेबलावरून टेमवा म्हणाली. तिच्या तोंडात तळलेल्या मंदासीचा घास होता. "तू नुसतं उत्तर सांग, मी टाइप करते."

"तुझं टायपिंग मी रोज ऐकतो, टेमवा. कोंबडी दाणे टिपते तसं."

"कोंबडीचं पोट तरी भरतं. तू सकाळपासून उपाशी टकटक करतोयस."

तो हसला, पण टेबलाखालचा त्याचा पाय हलायचा थांबला नाही. आज टेमवा दोन पत्रे वाचेल, उद्या सगळीच वाचेल. मग तिथे त्याचे काय काम? मॅनेजर म्हांगो सकाळीच येऊन गेले होते. "म्सिस्का, आवाज छान आहे तुझा. फोनवर बसतोस का? कशाला हा त्रास? दुपारपर्यंत बघ, नाही जमलं तर टेबल बदलू." साहेब मनाने चांगले होते, म्हणूनच त्यांना नाही म्हणणे अवघड होते. फोनवर बसणे म्हणजे आलेला माणूस दुसऱ्याला जोडून द्यायचा आणि पुढच्याची वाट पाहायची.

त्याने पुन्हा एन्टर दाबले. पुन्हा नवाच.

इतक्यात पंखा मंदावत बंद पडला.

"गेली!" टेमवा कडाडली. "गावोगाव दिवे विकतो आणि आपण बसतो अंधारात."

"अंधार तुला. मला फक्त उकडायला लागलंय."

त्याचा लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. बोटाने सवयीने एन्टर दाबले, आणि जुना प्रोग्रॅम उघडला.

लुसुंगूने बोट कळेवरून उचलले. मग त्याच्या लक्षात आले. विजेबरोबर भिंतीवरचे इंटरनेटचे खोकेही बंद पडले होते. नव्याकडे वळवण्याचा हुकूम त्याच वाटेने येत असणार, आणि ती वाट आता बंद होती. कालची पत्रे मात्र लॅपटॉपमध्ये उतरलेली होती. त्याने भराभर उत्तरे लिहिली. वीज परत आली, तिच्याबरोबर इंटरनेटही. उघडलेला जुना प्रोग्रॅम उघडाच राहिला आणि उत्तरे एकामागून एक निघून गेली.

खात्रीसाठी त्याने प्रोग्रॅम बंद केला, लॅपटॉपचे इंटरनेट तोडले, प्रोग्रॅम उघडला आणि इंटरनेट पुन्हा जोडले. जुना जागेवर होता.

"काय केलंस रे?" टेमवाने विचारले.

"चोरवाट सापडली."

"मग गप बस. ओरडलास तर बुजवतील."

दुपारी म्हांगो साहेबांच्या बुटांचा आवाज टेबलापाशी येऊन थांबला.

"करोंग्याहून फोन होता. म्हणे, उत्तर आलं आणि झकास आलं. म्हणजे जमलं तर नवं!"

लुसुंगूने कानावरचा हेडफोन सारखा केला. टेमवा बोलली, "जमलं म्हणजे काय साहेब, पळतोय नुसता."

"शाब्बास! आता लिलाँग्वेला, मुख्य कार्यालयात कळवून टाकतो. जुनं सगळ्यांच्या मशीनवरून आज कायमचं काढणार आहेत, कुणाची अडचण आहे का विचारत होते. ब्लँटायरच्या ऑफिसात एक बाई आहे, तिलाही दिसत नाही. नवं वापरताच येत नाही म्हणून सारखी भांडते. आता सांगतो, आमच्या म्सिस्काला येतं, तर तुम्हाला का येऊ नये?"

बूट वळले.

"साहेब, थांबा."

टेबलाखालून टेमवाची लाथ त्याच्या नडगीवर बसली. लुसुंगूने पाय मागे घेतला. जुना प्रोग्रॅम त्याने स्वतःच्या हाताने बंद केला. इंटरनेट चालू होते. त्याने पुन्हा एन्टर दाबले, नवा उघडला. मग त्याने हेडफोनची पिन उपसून काढली. दिवसभर एकट्याच्या कानात बोलणारा आवाज खोलीत मोठ्याने ऐकू आला.

"बटण."

लुसुंगूने खालची कळ दाबली.

"बटण. नाव नसलेलं बटण. बटण."

मागच्या टेबलावरचे कोणीतरी हसले आणि गप्प झाले. लुसुंगू कळ दाबत राहिला. आवाज तेच म्हणत राहिला.

"अरे, पण पत्रं तर आहेत की," म्हांगो साहेब वाकून म्हणाले. त्यांचे नख पडद्यावर टकटकले. "ही काय, इथं."

"कुठं, साहेब?"

"बटण," आवाज म्हणाला.

साहेबांचे नख काचेवर पुन्हा एकदा वाजले, या वेळी हळू.