येतो मी

ते साल १९५८. नवं चर्च बांधून झालं होतं, आणि समर्पणाच्या उपासनेला गीतही नवंच हवं, असा पाळकसाहेबांनी हट्ट धरला. चाल पेटी शिकवणाऱ्या बाईंनी लावायची, शब्द कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याने लिहायचे.

बाईंची चाळिशी जवळ आली होती. घड्याळवाला थोडा मोठा, एकटा आणि कमालीचा लाजाळू. दुकान बंद करून तो रोज संध्याकाळी बाईंच्या घरी येई. लोकांना बोलायला जागा नको म्हणून बाईंची आत्या खिडकीशी विणत बसे. तिला मात्र नेमकं त्याच सुमारास ऐकू येईनासं झालं होतं.

तीन कडवी भराभर झाली. ध्रुवपद अडून बसलं. एक ओळ बाईंना पटेना, दुसरी त्याला. गीत पुरं झालं की हे येणंजाणंही संपणार, हे दोघांना ठाऊक होतं. बोलून कोणी दाखवत नव्हतं.

"आत्या, वारा सुटलाय, निघतो," एकदा तो ओरडून म्हणाला.

"बारा? छे, आत्ता कुठे साडेसात झालेत. घड्याळवाले ना तुम्ही? बसा."

तो बसला.

निघायची त्याची एक तऱ्हा होती. उंबऱ्यात उभा राहून म्हणे, "येतो मी." मग छत्री राहिल्याचं आठवे. पुन्हा "येतो मी." मग बुटाची नाडी सुटे. बाई दर वेळी पेटीमागून म्हणत, "या."

शनिवारी पाळकसाहेब आले. "उद्या उपासना, आणि गीताला ध्रुवपद नाही? सकाळपर्यंत नाही मिळालं तर जुनंच गाऊ."

त्या संध्याकाळी कोणालाच काही सुचेना. शेवटी घड्याळवाला उठला. आत्याच्या सुया थांबल्या. लोकर संपली असावी.

"येतो मी," तो उंबऱ्यातून म्हणाला. छत्री हातात होती, नाड्या घट्ट बांधलेल्या होत्या. तरी तो हलला नाही. "येतो मी." या खेपेला आवाज आपसूक सुरात लागला.

बाईंनी पेटीवर तोच सूर धरला. "ये," त्या म्हणाल्या.

'या' नाही. 'ये'.

त्याने छत्री पुन्हा कोपऱ्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पुरुषांनी गायलं, "येतो मी, येतो मी." बायकांनी उत्तर दिलं, "ये." भक्त निघालाय, प्रभू बोलावतोय. मंडळींचे डोळे भरून आले. "असं ध्रुवपद गुडघे टेकल्याशिवाय सुचत नाही," पाळकसाहेब म्हणाले. बाई खाली बघून हसल्या.

पाळकसाहेब निवृत्त होईपर्यंत हे गीत गाताना हमखास रडत. बाईंचं आणि घड्याळवाल्याचं लग्न त्याच चर्चमध्ये, त्याच गीतावर लागलं. पुढे त्यांच्या घरात इतकी घड्याळं झाली की नक्की किती वाजले ते कधी कळलंच नाही. आत्या त्यांच्याजवळच राहिली आणि नव्वदीला पोचली. शेवटच्या आजारात घड्याळवाला नेहमीसारखा तिच्या कानाशी वाकून ओरडला, "आत्या, पाणी देऊ?"

"हळू बोला, जावईबापू," ती म्हणाली. "ऐकू येतं मला, पहिल्यापासून. माझ्यासमोर तुमच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून मीच बहिरी झाले."