विलायती मिशी

"मिशी सरळ लाव गं, एक टोक नाकात चाललंय," कृष्णात घोगऱ्या आवाजात म्हणाला, आणि इतक्या भीतीतही बनुबाईला हसू फुटलं.

कृष्णात तिचा नवरा. गावच्या सिद्धनाथाच्या जत्रेत जोतीराम मास्तरांचं विनोदी संगीत नाटक होतं आणि त्यात नायिका तोच होणार होता. पण पठ्ठ्यानं काल कुस्तीच्या फडात आपल्या पैलवानासाठी अशा आरोळ्या ठोकल्या, की आता घशातून नुसती हवा येत होती. सगळी गाणी पाठ असलेलं माणूस गावात दुसरं एकच होतं, बनुबाई. भाकऱ्या थापता थापता त्याच्या चाली तिनंच तर सुधारून दिल्या होत्या.

नाटक चारशे वर्षांपूर्वीच्या लंडनचं. तिकडंही तेव्हा बायकांना रंगमंचावर मज्जाव. बायकांची कामं पोरं करायची. नाटकातल्या मुलीला गाण्याचं वेड, म्हणून ती मिशी लावून, पोरगा बनून नाटक कंपनीत घुसते, आणि कंपनीवाले नेमकं तिलाच राणीचं काम देतात! मास्तरांची ही विलायत गावानं बिनतक्रार मान्य केली होती. सरदारांचे कोट बँडवाल्यांकडून आले होते, गळ्यातल्या झालरी मच्छरदाणीच्या होत्या.

भीती होती ती आबांची. म्हणजे सासऱ्यांची. पलटणीतून सुभेदार होऊन आलेला कडक माणूस. बनुबाई नवी नवरी असताना ओढ्यावर गात होती, तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "आमच्या घरातली बाई चारचौघांत गात न्हाई. गायचं आसंल तर म्हायेरी जाऊन ऱ्हायाचं." आणि आज ते पहिल्या रांगेत बसले होते.

"आबांस्नी कळलं तर?" तिनं विचारलं.

"न्हाई कळत गं. तोंडाला येवढा रंग थापलाय, समद्यांला वाटंल मीच हाय," म्हणत कृष्णात कनातीमागं लपला.

गॅसबत्त्या तमाशाच्या फडानं नेल्यामुळं नाटक दुपारीच लागलं. बनुबाई आधी आवाज दाबून गायली. मग लोक हसायला लागले, टाळ्या पडल्या, आणि तिला इतका आनंद झाला की आवाज दाबायचं राहूनच गेलं. शेवटच्या प्रवेशात नायिकेनं भर दरबारात मिशी उपटून आपण बाई असल्याचं सांगायचं आणि गायचं. तिनं मिशी उपटली, टोपी भिरकावली. केस कमरेपर्यंत सुटले.

"केसांचा टोप लय झ्याक हाय गड्या! मिरजंवरनं आणला काय?" मागून कुणीतरी ओरडलं. "आन लाजतोय बग कसा बायकावानी!"

मांडव हसून लोटपोट झाला. बनुबाई मात्र डोळे मिटून गायली. मोकळ्या गळ्यानं, जन्मात गायली नव्हती तशी. वन्समोर आला, ती पुन्हा गायली. डोळे उघडले तेव्हा आबा उभे होते, आणि ते हसत नव्हते. जात्यावर रोज पहाटे दबकत येणारा सूर त्यांनी ओळखला होता. ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

नायिकेचं काम रंगवणाऱ्या गड्याला भर मांडवात फेटा बांधायची गावाची रीत, आणि बांधायचा मान आबांचा. ते वर चढले. काहीच न कळलेल्या मास्तरांनी हौसेनं फेटा पुढं केला. बनुबाईनं मान खाली घातली. माहेरची वाट तिला डोळ्यांपुढं दिसत होती. तरी आत कुठंतरी ती सुखात होती. गाऊन तर झालं होतं, ते आता कुणी परत घेऊ शकत नव्हतं.

आबांनी फेटा घेतला, सुनेकडं पाहिलं आणि तो तसाच मास्तरांच्या हातात परत ठेवला.

"ह्यो हितं चालायचा न्हाई," ते म्हणाले.

मग बायकांच्या बाजूला वळून त्यांनी खणखणीत हाक दिली, "कृष्णातची आय, खण-नारळ घिऊन वर ये. सुनंची ओटी भरायची हाय."