एक खिळा वाचला

ती पडदे शिवायची. बैठकीची भिंत सजवायची, पण खिशाला झेपेल तेवढ्यातच, असं तिने ठरवलं. भंगारवाल्याकडून जुन्या चौकटी आणल्या आणि गिऱ्हाइकांच्या पडद्यांचे उरलेले तुकडे त्यांत ताणून बसवले.

पहिला खिळा तिने चार ठोक्यांत बसवला. भिंतीतून चार ठोके परत आले.

"शेजारी असतील," नवरा म्हणाला.

"पलीकडे कुठले शेजारी? चौथा मजला, बाहेर नुसती हवा!"

दुसऱ्या खिळ्यालाही तेच झालं. नवऱ्याचा चेहरा उतरला. "राहू दे गं, कोरी भिंतच बरी."

"का म्हणून? सात वर्षं कोरीच बघतेय. वाजवू दे त्याला काय वाजवायचंय ते!"

तिसऱ्या खिळ्यासाठी तिने हातोडी उचलली, तर या वेळी ठोके आधी पलीकडून आले. तिच्या पेन्सिलीच्या खुणेतूनच खिळ्याचं टोक बाहेर आलं.

तिने त्यावर चौकट अडकवली. "बरं झालं, एक खिळा वाचला."

"आता पुरे!" नवरा भिंतीला पाठ लावून आडवा उभा राहिला.

त्याच्या खांद्यावरून तिने भिंतीलाच सुनावलं, "अजून दोन लागतील."

दोन ठोके पडले. नवरा कळवळून पुढे झाला; त्याच्या सदऱ्यावर पाठीला दोन लाल ठिपके उमटले होते.