झोपेची वेळ

सरकारची योजना बदलली. लहानग्यांचा निधी मोठ्यांच्या शिक्षणाकडे वळला आणि पाळणाघराच्या खोलीतले पाळणे जाऊन शिलाई मशीनं आली. भिंतीवरची रंगीत बदकं तेवढी राहिली, आणि राहिली मावशी. पूर्वी ती पोरं निजवायची, आता चिंध्या झाडते. पण मुरलेली सवय कुठे जाते? पोरांच्या झोपेची वेळ झाली की अजून न चुकता पडदे ओढते.

त्या दिवशी पडदे ओढले गेले आणि खिडकीपाशी शिवत बसलेल्या ताईचं मशीन थांबलं.

"मास्तर, बाळ रडतंय."

"अहो, पोरं कधीच गेली इथून," शिलाईमास्तर हसले. "आता काय ती बदकं रडतात?"

सगळ्या बायका खिदळल्या. मग ताईच्या शेजारणीचं मशीन थांबलं. मग मागच्या रांगेतलं. बघता बघता खोली चिडीचूप झाली.

मास्तरांनी कान टवकारले. त्यांना तर काहीच ऐकू येत नव्हतं. "चालवा बघू सगळ्याजणी! जोरात चालवा, म्हणजे भास जाईल."

एकही चाक हललं नाही.

"मावशी, तुम्हाला येतंय का ऐकू?" मास्तरांनी विचारलं.

"मला कसं येईल?" मावशी ताईजवळ जाऊन बसली. "बाळाला कुणापाशी ठेवलंस गं?"

"कुणापाशी ठेवणार, मावशी?" ताईने गळ्यातली किल्ली मुठीत आवळली. घराला बाहेरून लावलेल्या कुलपाची.

मास्तरांनी वर पाहिलं. खोलीतला एकेक हात आपापल्या गळ्याकडे जात होता.