ओढ जरा कमी

बाबांच्या नव्या बायकोला मुलगी मावशी म्हणायची. शाळा सुटली की तिच्या ऑफिसात येऊन बसायची, पण मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवून.

मावशीच्या संगणकात ताऱ्यांनी भरलेल्या दोन दीर्घिका धुक्यासारख्या एकमेकींत शिरत होत्या. मध्येच एक तारा ठिणगीसारखा लांब उडाला.

"हा का पळाला?"

"माझं गणित चुकलं. दोन तारे फार जवळ आले की गणितात त्यांची ओढ भलतीच वाढते आणि ते एकमेकांना भिरकावून देतात. अति तिथे माती. म्हणून जवळ आल्यावर ओढ जरा कमी ठेवायची असते."

"मग घरी पण कमी ठेव ना," मुलगी पडद्याकडे बघतच म्हणाली.

तिच्या केसांकडे निघालेला हात मावशीने वाटेतूनच मागे घेतला. एक आकडा बदलून तिने दोन्ही दीर्घिका पुन्हा सोडल्या. या वेळी कुणी पळालं नाही. त्या एकमेकींतून आरपार गेल्या, दूर जाऊन रेंगाळल्या आणि सावकाश वळल्या.

"परत येतायत," मुलगी पुटपुटली.

मधली रिकामी खुर्ची करकरली. मावशीला मान वळवून बघायचा फार मोह झाला. तिने वळवली नाही.