ताईच्या यकृतातली गाठ

“पट्टी कसलाही रंग दाखवो, आधी मला येऊन सांगायचं. लपवायचं नाही.” आपल्या यकृताचा तुकडा हेमांगीला देताना नीलाताईने तिच्याकडून तसा शब्दच घेतला होता.

हेमांगीच्या मनगटावरची पट्टी रोज सकाळी त्या यकृतातल्या पेशींची जनुकं रक्तातून वाचायची. आज ती लाल झाली.

“यकृतातच उगवलेला लिम्फोमा आहे, पांढऱ्या पेशींचा कर्करोग,” डॉक्टर देवस्थळी म्हणाले. “फार विरळा. पण वेळेत कळलंय, तुम्ही बऱ्या व्हाल.”

हेमांगीने देवाचं नाव घेतलं. “मग तुमचा चेहरा असा का?”

“या पेशींची जनुकं तुमची नाहीत, ताईंची आहेत. बीज त्यांच्याकडून आलंय. म्हणजे त्यांच्याही अंगात असू शकतं. त्या पट्टी लावतात?”

“नाही हो. म्हणते, मला काय धाड भरलीय?”

बोलता बोलता हेमांगीला वार आठवला. आज सोमवार. तिची हिरवी पट्टी पाहिल्याशिवाय ताई उपास सोडत नसे. आताही ती देवापाशी निवांत बसली असेल, बहिणीसाठी मागणं मागत.

हेमांगीने ताईसाठी एक नवी पट्टी मागून घेतली. सकाळपासून लाल रंगावर ओढून ठेवलेली बाही तिने वर सरकवली आणि ती ताईच्या घराकडे चालू लागली.