आमी नाय उतरणार

मनोर गावामागचा डोंगर राखण्यासाठी चार देशांनी मिळून प्रकल्प आखला होता. परदेशी पाहुणे पाड्यावर आले, तेव्हा प्रकल्पाचे अधिकारी प्रफुल्ल सर गावाला म्हणाले, "डोंगर वाचवायचा, तर वरची शेती सोडून सगळ्यांनी खाली यायचं."

उतारावर नाचणी पिकवणारी ठकी उठून उभी राहिली. "डोंगर आमीच राखला. आमी नाय उतरणार."

"काय म्हणाल्या त्या?" पेरू देशातून आलेल्या बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"तुमचे आभार मानतायत," सर हसून म्हणाले.

बोईसरला कॉलेजात शिकणारी ठकीची मुलगी प्रियंका ताडकन उठली. आईचं बोलणं तिने जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. दोनदा अडखळली, पण थांबली नाही. सरांचं हसू मावळलं.

पेरूच्या बाई खुर्ची सोडून ठकीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि काहीतरी बोलल्या.

"काय बोलते गं ती?" ठकीने विचारलं.

"आये, तिच्या गावाला पण असंच डोंगरावरून उतरवायला आलते. ती बोलते, आमी अजून वरच राहतो."